अंगालगतचे वस्त्र

माणसाच्या पेहरावात एक वस्त्र असे आहे, की ज्याचे कौतुक कुणीच करीत नाही. सदऱ्याचा रंग लोक न्याहाळतात, पँटची इस्त्री पाहतात, बुटांची चकाकी तर दुरूनही दिसते. पण सदऱ्याच्या आत, घामात भिजत, दिवसभर आपल्या अंगाला बिलगून राहिलेल्या गंजीफ्रॉककडे कुणाचे लक्ष जात नाही. तो फाटला तरी लोकांना कळत नाही आणि म्हणूनच बहुधा तो फाटकाच असतो. साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकात अशा विषयाला जागा द्यावी काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. एखाद्या धर्मगुरूने त्यावर लिहावे, याचे तर त्यांना अधिकच नवल वाटेल. परंतु वर्षातील आठ-नऊ महिने घामाने निथळणाऱ्या मिरा-भाईंदरसारख्या गावात ज्याला राहावयाचे आहे आणि झग्यावर मिस्साची वस्त्रे चढवून ज्याला वेदीपुढे उभे राहावयाचे आहे, त्याने या विषयावर चार शब्द लिहिले तर तो त्याचा अधिकारच मानावा.

प्रथम त्याच्या नावाविषयी. आपण त्याला गंजी म्हणतो, बनियन म्हणतो. आमच्या लहानपणी म्हातारी माणसे ‘गंजीफराक’ म्हणत. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील सामुद्रधुनीत गर्न्सी नावाचे एक लहानसे बेट आहे. तेथील मच्छीमार बांधव समुद्रावर जाताना लोकरीचा, घट्ट विणीचा एक सदरा घालीत. त्याला ‘गर्न्सी फ्रॉक’ असे नाव पडले. हे नाव इंग्रज खलाशांबरोबर आपल्या बंदरांत उतरले आणि आपल्या जिभेवर रुळता रुळता त्याचा ‘गंजीफ्रॉक’ झाला. गर्न्सीच्या शेजारच्या बेटाचे नाव जर्सी. त्या बेटानेही आपल्याला एक वस्त्र दिले आणि वर एक गायही दिली! बनियनची कथा उलट दिशेची आहे. आपल्याकडच्या वाणी लोकांचा सैलसर अंगरखा पाहून युरोपीय लोकांनी तशा वस्त्राला ‘बनियन’ म्हटले; तोच शब्द पुढे इंग्रजीतून परत येऊन आपल्या आतल्या वस्त्राला चिकटला. बिनबाह्यांच्या गंजीला आपण ‘सँडो’ म्हणतो, ते युजेन सँडो या जगप्रसिद्ध बलवान पुरुषाच्या नावावरून. विसाव्या शतकाच्या आरंभी तो हिंदुस्थानात येऊन शक्तीचे प्रयोग करून गेला होता. त्याचे पिळदार बाहू गेले, नाव मात्र आपल्या खांद्यांवर राहिले.

आणखी दोन गोष्टी सांगितल्या म्हणजे हा विषय माझ्या वाट्याला का आला, ते वाचकांच्या ध्यानात येईल. हाताने न विणता यंत्राने विणण्याची युक्ती प्रथम काढली ती एका धर्मगुरूने. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यातील काल्व्हर्टन गावचे अँग्लिकन धर्मगुरू विल्यम ली यांनी १५८९ साली पायमोजे विणण्याचे यंत्र तयार केले. त्या यंत्राने हाताने विणणाऱ्या गरिबांची भाकरी जाईल, अशा भयाने पहिल्या एलिझाबेथ राणीने त्यांना हक्कपत्र नाकारले, असे सांगतात. बिचारे ली पुढे फ्रान्समध्ये गेले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. आज कोलकात्यात आणि तिरुप्पूरमध्ये ज्या यंत्रांवर लक्षावधी गंजी विणल्या जातात, त्यांचे मूळ या धर्मगुरूच्या खोलीत आहे.

दुसरी गोष्ट जाळीच्या गंजीची. नॉर्वेच्या सैन्यातील हेन्रिक ब्रून नावाच्या अधिकाऱ्याने १९३३ साली मासेमारीच्या जुन्या जाळ्यांपासून अंगात घालण्याची गंजी शिवून पाहिली. त्याच्यापुढे प्रश्न थंडीचा होता. जाळीच्या भोकांत हवा अडकून राहते आणि ऊब टिकते. गळ्याशी कपडे सैल केले की तीच हवा खेळू लागते आणि घाम वाळतो, हे त्याने हेरले. आमच्या उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत असतात, त्यांच्या शेजारीच डोलीची जाळी पसरलेली असतात आणि त्या जाळ्यांना टाके घालीत बसलेल्या कोळी बांधवाच्या अंगात पुष्कळदा जाळीचीच गंजी असते. मच्छीमाराच्या सदऱ्यावरून जिचे नाव पडले आणि मच्छीमाराच्या जाळ्यावरून जिची जाळी आली, ती गंजी मच्छीमारांच्या गावातील धर्मगुरूला परकी कशी वाटेल?

पुनरुत्थानाच्या सणानंतर घरांना आशीर्वाद देत फिरण्याचा आमचा प्रघात आहे. दिवस एप्रिलचे, वेळ चारची. मी उंबरठ्याशी पोहोचताच आतून हाक ऐकू येते, ‘अहो, फादर आले!’ आणि मग गंजीवर निवांत बसलेला घरधनी टुणकन उठून आत पळतो. परत येतो तो सदऱ्याची बटणे लावीत. घामेजलेल्या अंगाला सदरा चिकटलेला, एक बाही उलटी. मला दर वेळी संत पेत्र आठवतो. तिबिर्या समुद्रावर तो उघड्या अंगाने जाळे ओढीत होता. किनाऱ्यावर प्रभू उभा आहे असे कळताच त्याने लगबगीने अंगावर वस्त्र गुंडाळले आणि पाण्यात उडी घेतली, असे संत योहान सांगतो. पोहावयाचे असताना वस्त्र घालणारा हा जगातला पहिलाच माणूस असावा! त्याची ती लगबग प्रेमाची होती आणि आमच्या घरधन्याची लगबगही आदराचीच असते. तरीही मी त्यांना सांगतो, ‘दादा, बसा तसेच. देवाला आपले अंग ठाऊक आहे, आणि मलाही उकडतेच आहे.’

पण अशा भेटींत मी आणखी एक गोष्ट पाहत आलो आहे. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरून घराची वाचणी करता येते. मुलाचे नवे टी-शर्ट, मुलीचे ड्रेस, घरमालकिणीचा बऱ्यापैकी गाऊन, आणि एका टोकाला पिवळट पडलेली, काखेत उसवलेली, गळ्याशी लोंबणारी एक गंजी. ती घरातल्या कर्त्या पुरुषाची. फरशी पुसण्याचे फडके आणि ती यांच्यात एवढेच अंतर, की फडक्याची पाळी आधी आली आणि तिची अद्याप यावयाची आहे. मोठ्या कपड्यांवर खर्च करणारा हा गृहस्थ स्वतःच्या अंगालगतच्या वस्त्रावर का बरे खर्च करीत नाही? विचारले तर हसून म्हणतो, ‘आत कोण बघतोय, फादर?’

आत बघणारे आपले कातडे आहे, आणि त्याला या हवेत फार सोसावे लागते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. आपल्याकडे तो तेहतीस-चौतीसच्या आसपास घुटमळतो. म्हणून आपली हवा सौम्य, असे आकड्यांवरून वाटेल. परंतु माणसाचे शरीर निवते ते घाम वाळल्यामुळे. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला जितकी उष्णता लागते, तिच्या सुमारे ५८० पट उष्णता एक ग्रॅम घाम अंगावरून वाळताना घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे. नुसता गळून पडला तर त्याचा उपयोग नाही. विदर्भाच्या कोरड्या हवेत तो झटकन वाळतो. आपल्याकडे खाडी, समुद्र आणि मिठागरे यांनी हवा अगोदरच पाण्याने भरलेली असते. तिच्यात आणखी घाम मावत नाही. म्हणून आपण निथळत राहतो आणि शरीर आतून तापत जाते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर पुरस्कार सोहळ्याला जमलेल्या समुदायातील १४ माणसे उष्माघाताने दगावली, ती याच समुद्रकाठच्या हवेत. तेव्हा गंजीची निवड ही केवळ टापटिपीची बाब राहत नाही. घाम वाळू देणारे वस्त्र आणि तो कोंडून ठेवणारे वस्त्र यांत जो फरक आहे, तो उन्हात राबणाऱ्याच्या प्रकृतीवर उमटतो.

मग घ्यावी तरी कोणती? दुकानात गेले की दुकानदार वीस प्रकारची खोकी पुढ्यात मांडतो. त्यावर चित्रपटातल्या नायकांची छायाचित्रे असतात. त्या नायकांना बहुधा घामच येत नसावा. त्या चित्रांखाली बारीक अक्षरांत जे लिहिलेले असते, ते वाचावे. सूत शंभर टक्के कापसाचे आहे का, ते पाहावे. हवेत ठेवलेले शंभर ग्रॅम कोरडे सूत सुमारे साडेआठ ग्रॅम ओलावा नुसते हवेतूनच शोषून घेते. पॉलिएस्टरचा धागा अर्धा ग्रॅमही घेत नाही. सुती गंजी घाम टिपते. नुसत्या साध्या पॉलिएस्टरची गंजी तो अंगावरच ठेवते, आणि घामातला तेलकट अंश त्या धाग्याला असा धरून बसतो, की धुतल्यावरही वास जात नाही. ‘कोम्ब्ड’ असे लिहिले असेल तर आखूड, टोचरे तंतू विंचरून काढले आहेत असे समजावे. सुताचा नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. चाळीस नंबरची गंजी तीसपेक्षा तलम असते. पेटीवर ‘आरएन’ म्हणजे गोल गळ्याची, बिनबाह्यांची. ‘आरएनएस’ म्हणजे बाह्यांची. माप छातीचे, सेंटिमीटरमध्ये. छत्तीस इंच छाती असेल तर ९० हे माप बरोबर बसते. परंतु आपल्या हवेत मी ९५ घ्यावयास सांगेन. अंग आणि कापड यांच्यामध्ये बोटभर हवा खेळली पाहिजे.

हल्ली नवे प्रकार आले आहेत. बीच वृक्षाच्या लगद्यापासून केलेला ‘मोडाल’ धागा आणि ‘बांबू’ या नावाने विकला जाणारा धागा हे दोन्ही व्हिस्कोसच्या कुळातले. ते कापसाहून अधिक ओलावा घेतात, स्पर्शाला रेशमासारखे मऊ लागतात आणि घामोळ्यांनी हैराण झालेल्या अंगाला सुखावतात. ‘बांबू’ म्हटल्यावर मात्र हिरव्या बनातून थेट गंजी उगवते असे समजू नये. तो बांबू रसायनांच्या टाकीतून जाऊनच धागा होतो. ‘ड्राय-फिट’ म्हणून जे पॉलिएस्टरचे खेळाडूंचे कापड मिळते, ते मुद्दाम अशा विणीचे असते, की घाम कापडाच्या बाहेरच्या अंगाला पसरतो आणि वारा असेल तर लवकर वाळतो. धावणाऱ्या, फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना ते चांगले. सदऱ्याच्या आत, वारा नसलेल्या कचेरीत दहा तास घालण्यास मात्र बारीक सूतच बरे. थोडासा ताणणारा धागा मिसळलेली, अंगाला आवळून बसणारी गंजी तरुणांना आवडते. तिने छाती रुंद दिसते खरी, पण या हवेत छाती निवण्याची गरज अधिक आहे.

गंजी घेताना तिच्या बगला पाहाव्यात, असेही मी सुचवीन. चांगल्या जुन्या पद्धतीची गंजी गोलाकार यंत्रावर नळीसारखी विणलेली असते. तिला बाजूला शिवण नसते, म्हणून ती काचत नाही. ही शिवण नसलेली गंजी हातात घेतली, की मला क्रूसाखालचे ते दृश्य आठवल्याशिवाय राहत नाही. शिपायांनी प्रभूच्या वस्त्रांचे चार वाटे केले. पण आतला अंगरखा बिनशिवणीचा, वरपासून सबंध विणलेला होता, म्हणून तो न फाडता त्यांनी त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. पवित्र मातेनेच तो विणला होता, अशी आपल्या पूर्वजांची भाविक कल्पना आहे. ती खरी असो वा नसो, प्रभूच्या अंगालगतचे वस्त्र चांगले विणीचे होते, एवढे शुभवर्तमानावरून निश्चित कळते.

सर्वांना एकच गंजी चालत नाही. माणसाने आपल्या कामाकडे पाहून ती निवडावी. बोटीवर जाणाऱ्याने बाह्यांची घ्यावी. सँडोने खांदे भाजून निघतात आणि भिजलेले पातळ पांढरे कापड ऊन फारसे अडवीत नाही. मेच्या दुपारी भिजलेली गंजी सुखाची वाटते, पण रात्रीच्या वाऱ्यात तीच अंगात थंडी भरवते. म्हणून एक कोरडी गंजी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बरोबर न्यावी. भाईंदरच्या मिठागरांवर जे मोजके मजूर अद्याप राबतात, त्यांना वरून ऊन आणि खालून पांढऱ्या मिठाची तिरीप, असा दुहेरी मार असतो. त्यांनी आत सुती गंजी आणि वर सैल, पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा आणि संध्याकाळी गंजी गोड्या पाण्यात खळबळून काढावी. मिठाचे कण कापडात राहिले की काखा सोलवटतात. आपल्या पूर्वेकडील स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत पॉलिशच्या चाकापुढे बसणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, की तेथे पॉलिएस्टर नको. ठिणगी पडली तर ते वितळून कातड्याला चिकटते. सूत जळते, पण वितळत नाही. शिवाय तेथे गंजी सैल, लोंबती असता कामा नये. फिरत्या चाकात तिचा कोपरा अडकला तर हात जाईल.

चर्चगेटच्या लोकलमध्ये रोज सव्वा तास उभे राहणाऱ्या आमच्या नोकरदार बांधवांनी बाह्यांची तलम गंजी घालावी. काखेतला घाम ती टिपते, सदरा अंगाला चिकटत नाही आणि शेजाऱ्यावरही उपकार होतात. कचेरीच्या खणात एक धुतलेली गंजी ठेवावी आणि पोहोचल्यावर बदलावी. दोन मिनिटांचे काम आहे. पुढचे आठ तास माणूस माणसासारखा वागतो. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांसाठी डोक्यातून घालण्याची गंजी म्हणजे शिक्षाच. त्यांना पुढून उघडणारी, बटणांची सुती बंडी शिवून द्यावी. आमच्या आज्यांच्या काळी ती घरोघरी शिवली जाई आणि कोणताही शिंपी आजही ती शिवून देईल. घरात बसताना मात्र सदरा काढावाच. कापडाचा प्रत्येक थर थोडीफार हवा अडवतो. गंजी कितीही चांगली असली तरी तिच्यावर आणखी काही नसणे हेच शरीराला अधिक सुखाचे.

आता थोडे आमच्याविषयी आणि आमच्या विवाहसमारंभांविषयी. झगा, त्यावर आल्ब, त्यावर स्टोल आणि सर्वांवर कॅझ्युबल अशी वस्त्रे घालून मे महिन्यातील सकाळी दहाची मिस्सा अर्पण करणे ही एक लहानशी तपश्चर्याच असते. पूर्वी धर्मगुरू प्रथम खांद्यांवर ‘अमिस’ नावाचे लिननचे वस्त्र घेत. मौल्यवान वस्त्रांना मानेचा घाम लागू नये, हाही त्याचा एक उपयोग होता. म्हणजे एका परीने ती वेदीवरची गंजीच. चर्चने उष्ण देशांतील माणसाचा विचार केलाच नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. द्वितीय व्हॅटिकन महासभेनंतर, एप्रिल १९६९ मध्ये रोमने भारतीय महागुरूंच्या विनंतीवरून उपासनेसंबंधी बारा सवलती मान्य केल्या. त्यांपैकी एक अशी, की पारंपरिक वस्त्रांऐवजी एकच साधा झगेवजा कॅझ्युबल आणि अंगवस्त्रासारखा स्टोल वापरता येईल. वस्त्रे हलकी झाली म्हणून मिस्साचे गांभीर्य हलके झाले नाही.

हे मी सांगतो ते आमच्या नवरदेवांसाठी. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका लग्नात वचने देण्याच्या वेळी नवरदेव पांढराफटक पडला आणि वेदीच्या पायरीवर खाली बसला. लोकांना वाटले, बिचारा भावनावश झाला! मी त्याच्या कोटाची बटणे काढली, तेव्हा खरे कारण कळले. आत दाट पॉलिएस्टरची आवळ गंजी, त्यावर सदरा, त्यावर जाकीट, त्यावर अस्तर लावलेला कोट आणि गळ्याशी टाय. सॅक्रिस्टीत नेऊन कोट, जाकीट आणि ती गंजी उतरवली, साखर-मीठ घातलेले पाणी पाजले, पंख्याखाली बसवले आणि वीस मिनिटांनी नुसत्या सदऱ्यावर त्याचे लग्न लावले. त्याचा संसार झकास चालला आहे. वेदीपुढे कोट हवाच, असा चर्चचा कायदा नाही. लग्नासाठी हजारो रुपयांचा सूट शिवणाऱ्या घरांनी त्याच्या आत घालायची एक तलम सुती गंजी आठवणीने घ्यावी, आणि मेचे लग्न असेल तर सूटचाच पुन्हा एकदा विचार करावा.

गंजीची निगा सोपी आहे. नवी गंजी घालण्यापूर्वी एक-दोनदा धुवावी. कारखान्यातील लेप निघून गेला म्हणजे ती घाम चांगला टिपते. तिला खळ घालू नये. खळ वेदीवरच्या कापडाला शोभते. गंजीला घातली तर घामोळी येतात. सुगंधी मऊपणाचे द्रावणही नको, त्याने सुताचा शोषून घेण्याचा गुण कमी होतो. उन्हात वाळवावी. एकमेकांची घालू नये. नायट्यासारखे त्वचारोग तशाने घरभर फिरतात. माणशी सहा असाव्यात आणि आलटून-पालटून वापराव्यात. धुऊनही वास जाईना, कापड ताठरले, काखा उसवल्या, की तिची नोकरी संपली असे समजून तिला सन्मानाने फडक्यांत पाठवावे.

सहा पुरेत; पंधरा नकोत. कारण त्या शुभ्रतेची किंमत कुठेतरी कुणीतरी मोजीत असते. तिरुप्पूरच्या रंगकाम आणि धुलाईच्या कारखान्यांतील सांडपाण्याने नोय्यल नदी आणि तिच्या काठची शेती इतकी नासली, की जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला ते कारखाने बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची व्यवस्था झाल्याशिवाय ते उघडू नयेत, अशी अट होती. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात आपल्या सामायिक घराविषयी जी कळकळ व्यक्त केली, तिचा एक धागा आपल्या गंजीपर्यंत येऊन पोहोचतो. चांगली घ्यावी, मोजकी घ्यावी, पुरेपूर वापरावी.

माझे वडील मुंबईच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात कामाला होते. धागा तुटू नये म्हणून तेथे हवा मुद्दाम दमट ठेवीत. त्या वाफाळ हवेत, साच्यांच्या कानठळ्या बसवणाऱ्या खडखडाटात ते आठ तास गंजीवर उभे असत. भाईंदरहून पहाटेची गाडी पकडून जात आणि संध्याकाळी परतत, तेव्हा सदऱ्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असत. त्यांच्याजवळ दोन गंजी होत्या. एक अंगावर, एक दोरीवर. हजारो वार कापड ज्यांच्या हातांखालून गेले, त्यांच्या गंजीच्या काखेत आईने घातलेली ठिगळे आम्ही मोजीत असू. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्या संपात त्यांची गिरणीही गेली. पुढे त्यांनी गावातच एका भांड्यांच्या कारखान्यात काम धरले. ठिगळे तीच राहिली.

मी धर्मगुरू झाल्यावर दर नाताळाला त्यांच्यासाठी चांगल्या सुताच्या दोन गंजी घेऊन जात असे. ते खोका उघडीत, कापडावरून अंगठा फिरवीत, ‘सूत चांगले आहे,’ असे जाणकाराच्या थाटात म्हणत आणि खोका बंद करीत. त्यांच्या निधनानंतर कपाटात अकरा गंजी सापडल्या, कागदासकट घडी न मोडलेल्या. आई म्हणाली, ‘इस्पितळात जायची पाळी आली तर लागतील म्हणून ठेवल्या होत्या, बाळा. डॉक्टरांपुढे फाटकी बरी दिसत नाही, म्हणायचे.’ इस्पितळात जाण्याची पाळी आलीच नाही. देवाने त्यांना रात्री झोपेतच नेले. अंगावर ठिगळांची गंजी होती. महिन्याच्या मिस्सानंतर त्या अकरा गंजी आईने उत्तनच्या बोटींवर काम करणाऱ्या परगावच्या खलाशांना वाटून टाकल्या. बाराव्या गंजीचे काय झाले, असे मी विचारले. ती त्यांना दफनाच्या वेळी घातली होती.

अशी अकरा गंजींची कपाटे आपल्या धर्मग्रामात किती असतील, याचा मी पुष्कळदा विचार करतो. आपल्या वडीलधाऱ्यांना चांगली वस्तू नको असते, असे नव्हे. ती वापरण्याइतके आपण मोठे आहोत, हेच त्यांना पटत नाही. देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे संत पौलाने करिंथकरांना लिहिले आणि ते वचन आपण मुलांना व्यसनांविषयी बजावताना हटकून वापरतो. मंदिराच्या भिंतींना वर्षातून एकदा चुना लागतो. या मंदिराच्या भिंतींना निदान धडके कापड लागावे.

बाप्तिस्मा देणारा योहान यार्देन नदीच्या काठी उपदेश करीत होता, तेव्हा लोकांनी त्याला विचारले की आम्ही काय करावे. त्याने अवघड व्रते सांगितली नाहीत. ज्याच्यापाशी दोन अंगरखे असतील त्याने ज्याच्यापाशी नाही त्याला एक द्यावा, असे तो म्हणाला. संत लूकने तेथे जो ग्रीक शब्द योजिला आहे, तो अंगालगतच्या वस्त्राचा आहे. वरचा भरजरी झगा द्या, असे योहान म्हणत नाही. जे कुणाला दिसत नाही, पण ज्याच्यावाचून अंग सोलवटते, ते द्या, असे तो म्हणतो.

म्हणून माझी विनंती साधी आहे. येत्या उन्हाळ्यात लग्नाची खरेदी करण्यासाठी बाजारात जाल, तेव्हा अगोदर घरातली कपड्यांची दोरी पाहा. तिच्या टोकाला लोंबणारी ती गंजी कुणाची आहे, ते ओळखा. त्याच्यासाठी सहा गंजी घ्या, घरी आणून स्वतः धुवा आणि जुन्या त्याच संध्याकाळी फडक्यांत टाका, म्हणजे त्याला नव्या घातल्यावाचून गत्यंतर राहणार नाही. त्याच दुकानातून आणखी दोन जास्त घ्या. तुमच्या इमारतीच्या फाटकाशी ऊन खात बसलेला रखवालदार असेल, शेजारच्या बांधकामावर विटा वाहणारा मजूर असेल, बोटीवरचा खलाशी असेल; त्याची छाती किती इंचांची असावी याचा अंदाज घ्या आणि एक माप मोठेच घ्या.